कन्सोल रिटायर होतो, दुनिया नाही

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी वाद असा असतो जो कधीच मिटत नाही. गाण्यावाल्यांचा किशोर की रफी, क्रिकेटवाल्यांचा सचिन की विराट आणि गेमिंगवाल्यांचा पीसी की कन्सोल. या तिसऱ्या वादात पीसीवाला हरायला लागला की हमखास एक हुकमाचं पान टाकतो. ‘तुमच्या कन्सोलवर एमएमओ चालतात का रे? ते काय सोफ्यावर लोळत खेळायचे गेम आहेत?’ यावर कन्सोलवाला बहुतेक वेळा गप्प बसतो. कारण त्यालाही मनातून तसंच वाटत असतं.

तुम्ही यातल्या कुठल्याही बाजूचे असा, पुढच्या वेळी हा वाद निघाला तर एक तारीख तोंडपाठ ठेवा. १६ मे २००२. त्या दिवशी जपानमध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’ नावाचा एमएमओ सुरू झाला. कशावर? तर प्लेस्टेशन २ वर. पीसीवर तो आला नंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. ज्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मुळे एमएमओ हा शब्द जगभर पोचला, तो यायला तेव्हा अजून अडीच वर्षं बाकी होती.

त्यामुळे ‘कन्सोलवर चालतात का’ या प्रश्नाचं उत्तर वीस-बावीस वर्षांपूर्वीच मिळालंय. चालतात. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. किती दिवस चालतात आणि कोणाच्या भरवशावर? त्याकडे येऊच. पण आधी एमएमओ म्हणजे नक्की काय ते बोलून घेऊ. आपल्याकडे ऑनलाइन खेळलं की सगळ्यालाच एमएमओ म्हणायची पद्धत आहे.

टर्फ आणि चाळ

मोबाइलवर बीजीएमआय खेळता तेव्हा काय होतं? शंभर जण एका बेटावर उतरतात, अर्ध्या तासात मॅच संपते आणि त्या मॅचपुरतं ते बेटही संपतं. पुढच्या मॅचला सगळं पहिल्यापासून आणि माणसंही नवी. हे झालं टर्फवर क्रिकेट खेळण्यासारखं. तासाचे पैसे भरा, खेळा, घरी जा. आपल्या आधी तिथे कोण खेळून गेलं आणि नंतर कोण येणार, याच्याशी आपला संबंध नाही.

एमएमओ म्हणजे चाळ. तुम्ही झोपलात तरी ती जागी असते. गॅलरीत कोणीतरी उभं असतं, नळावर कोणाचं तरी भांडण चाललेलं असतं, तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाचं तरी लग्न ठरलेलं असतं. एकाच जगात एकाच वेळी हजारो खेळाडू, आणि तुम्ही लॉग आउट केलंत तरी ते जग चालूच. तिथे तुमचं एक कॅरेक्टर असतं, ते तुम्ही वर्षानुवर्षं मोठं करता. तिथे बाजार असतो, भाव वर-खाली होतात, गिल्डमधलं राजकारण असतं. मोठा राक्षस मारायचा तर एकट्याने जमत नाही, माणसं गोळा करावी लागतात. थोडक्यात आपल्या गणपती मंडळासारखं. मीटिंगा, रुसवेफुगवे, ‘यापुढे मी येणार नाही’च्या धमक्या, आणि तरी विसर्जनाला सगळे ट्रकमागे हजर.

म्हणजे इथे पणाला लागलेलं असतं ते फक्त मनोरंजन नाही. चार-पाच वर्षं रोज दोन तास जिथे घालवले, जिथे दोस्त मिळाले, ती जागा असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग अशी चाळ कीबोर्ड आणि माउसवरच उभी राहू शकते, असं सगळ्यांना का वाटतं? एका गेममुळे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २३ नोव्हेंबर २००४ ला आला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले. दर महिन्याला पैसे भरून खेळणारे! हा गेम कन्सोलवर कधीच आला नाही. गंमत बघा, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनीच विकत घेतली. म्हणजे एक्सबॉक्सवाल्यांच्याच घरात आता वॉरक्राफ्ट राहतो. पण त्यानंतरही लगेच तो काही एक्सबॉक्सवर आलेला नाही. या प्रकारातला सगळ्यात मोठा गेमच ज्या यंत्रावर नाही, तिथे तो प्रकारच जमत नाही असा समज होणारच.

अडचण खरीही होती म्हणा. वॉरक्राफ्टच्या मुरलेल्या खेळाडूचा स्क्रीन कधी बघितलाय? एखाद्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूमसारखा दिसतो. खाली बटणांच्या रांगा, बाजूला बटणांच्या रांगा, त्यावर खेळाडूंनी स्वतःच बनवलेले ॲड-ऑन. हे सगळं कंट्रोलरच्या डझनभर बटणांत बसवायचं म्हणजे टू बीएचकेचं सामान रिक्षातून न्यायचं.

‘ह’ पर्यंत पोचेस्तोवर

पण बटणांपेक्षा मोठा लोचा वेगळाच होता. बोलायचं कसं?

स्मार्ट टीव्हीवर रिमोटने ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सर्च करून बघा. एकेका अक्षरावर कर्सर सरकवत ‘ह’ पर्यंत पोचेस्तोवर आई म्हणते, राहू दे, न्यूज लाव. आता हेच काम राक्षस अंगावर आलेला असताना करायचं आणि टीममधल्या पाच जणांना सांगायचं की बाबांनो, डावीकडे पळा. चाळीत राहायचं आणि शेजाऱ्याशी बोलता येत नाही, असली गत.

यावर पहिली भारी तोड काढली सेगाने. डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये सेगाच्या ड्रीमकास्टवर ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आला. ड्रीमकास्टला मोडेम आतच बसवलेला होता, टेलिफोनची वायर लावायची की झालं. काटेकोरपणे बघितलं तर हा एमएमओ नव्हे. लॉबीत बरेच जण जमायचे, पण मोहिमेवर एका वेळी चारच जण निघायचे. तरी पुढच्या सगळ्यांना वाट दाखवली ती यानेच. त्यात ‘वर्ड सिलेक्ट’ नावाची सोय होती. तयार शब्द आणि वाक्यं निवडायची, तुम्ही जपानीत निवडलेलं वाक्य समोरच्याला त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषा. शिवाय ‘सिम्बॉल चॅट’. गोल, रेषा, ठिपके जोडून स्वतःचे चेहरे बनवायचे आणि डोक्यावर फुग्यात दाखवायचे. आज व्हॉट्सॲपवर तुम्ही जे स्टिकर बनवून ग्रुपमध्ये टाकता, जवळपास तेच. सन २०००, डायल-अप, आणि हातात फक्त कंट्रोलर!

‘फायनल फँटसी इलेव्हन’नेही हीच कल्पना पुढे नेली. तिथे जपानी आणि अमेरिकन खेळाडू एकाच सर्व्हरवर असायचे आणि वाक्यांचं आपोआप भाषांतर व्हायचं. ज्याला खूपच गप्पा हाणायच्या आहेत त्याने प्लेस्टेशनला यूएसबी कीबोर्ड जोडावा, अशी मुभा होती. म्हणजे कंट्रोलर हातात, कीबोर्ड मांडीवर.

मग हेडसेट आले आणि वाटलं की प्रश्न सुटला. २०१४ मध्ये बंजीचा ‘डेस्टिनी’ आला तो फक्त कन्सोलवर, पीसीवर नाहीच. कंपनी त्याला एमएमओ म्हणायला तयार नव्हती, पण गेममधल्या टॉवरवर अनोळखी खेळाडू भेटायचे, सहा जणांच्या रेड असायच्या, आठवड्याच्या आठवडे राबून बक्षिसं मिळवायची. नाव काहीही द्या, लक्षणं सगळी तीच. त्या रेडसाठी गेम तुम्हाला सहा जण शोधून द्यायचा नाही. तुम्हीच माणसं जमवायची, माइक लावायचे आणि बोलून ठरवायचं. तरी लोकांनी जमवलेच. बाहेर वेबसाइट काढल्या, त्यावर ‘दोन जण हवेत, अनुभव असेल तर बरं’ अशा जाहिराती लावल्या. फ्लॅटमेट शोधतो तसे रेडमेट.

पण आवाजाची एक दुसरी बाजू आहे, त्यावर फार कोणी बोलत नाही. टाइप करताना तुम्ही कोण, हे कळत नाही. तोंड उघडलं की वय कळतं, मुलगा की मुलगी कळतं, कुठला ॲक्सेंट ते कळतं. ऑनलाइन खेळणाऱ्या तुमच्या मैत्रिणींना एकदा विचारा, माइक चालू ठेवता का? त्या काय सांगतात ते ऐका. आणि हॉस्टेलवर रात्री दीडला रूममेट झोपलेला असताना ‘हील कर, हील कर’ ओरडायचं तरी कसं? ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ २०१५ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा सुरुवातीला त्यात टेक्स्ट चॅट नव्हतंच, बोलाल तर आवाजात. नंतर ते द्यावं लागलं. माझं मत विचाराल तर सेगाची ती तयार वाक्यांची जुनी युक्तीच अजूनही सगळ्यात सभ्य आहे.

अडीच सेकंदांचा हिशेब

आता बटणांकडे. इथे एका गेमची गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात अपयशही आहे आणि उत्तरही.

‘फायनल फँटसी फोर्टीन’ सप्टेंबर २०१० मध्ये पीसीवर आला आणि सणसणीत आपटला. मेन्यू उघडायलाही वाट बघावी लागायची. प्लेस्टेशन ३ वरही आणू असं आधी सांगितलं होतं, ती आवृत्ती आलीच नाही. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने नाओकी योशिदा या माणसाच्या हातात गेम दिला. त्याने जे केलं ते गेमिंगच्या इतिहासात फार थोड्यांनी केलंय. जुना गेम चालू ठेवत मागच्या खोलीत नवा बांधायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये गोष्टीतच आकाशातून चंद्र पाडला, जुनी दुनिया संपवली, सर्व्हर बंद केले. २७ ऑगस्ट २०१३ ला ‘अ रिल्म रिबॉर्न’ या नावाने गेम पुन्हा आला, आणि या वेळी पीसी आणि प्लेस्टेशन ३ वर एकाच दिवशी. दोघांसाठी सर्व्हर एकच, जग एकच.

या गेममधला ‘क्रॉस हॉटबार’ एकदा समजून घ्या, म्हणजे सगळा प्रश्न कळेल. कंट्रोलरवर डाव्या हाताला चार बाणांची बटणं आणि उजव्या हाताला चार बटणं असतात. झाली आठ. एल २ दाबून धरला की त्या आठ बटणांवर आठ वेगळ्या करामती. आर २ दाबून धरला की आणखी आठ. झाल्या सोळा. आर १ ने पुढच्या संचावर गेलात की परत सोळा. बोटांना आठवडाभर सवय लागली की बघायचीही गरज पडत नाही, पेटी वाजवणाऱ्याला पट्ट्या बघाव्या लागत नाहीत तसं.

पण खरी चलाखी बटणांत नाही, वेळेत आहे. या गेममध्ये एक मुख्य वार केल्यावर दुसरा करायला साधारण अडीच सेकंद थांबावं लागतं. वॉरक्राफ्टमध्ये हेच अंतर दीड सेकंदाचं. एक सेकंदाचा फरक, तो काय एवढा? पण या एका सेकंदात सोफ्यावर बसलेल्या माणसाला संच बदलून योग्य बटण शोधता येतं. म्हणजे कंट्रोलरवाल्याला नंतर कुठेतरी कोपऱ्यात जागा दिलेली नाही. पहिली वीट ठेवतानाच तो धरलेला आहे. बाहेरची टूल्स वापरायला या गेममध्ये अधिकृतपणे बंदी आहे, त्यामुळे पीसीवाल्याने दहा ॲड-ऑन लावून पुढे जायचं आणि प्लेस्टेशनवाल्याने बघत बसायचं, हेही निदान नियमात बसत नाही.

‘एल्डर स्क्रोल्स’ने दुसरा रस्ता धरला. करामतीच कमी केल्या. एका वेळी पाच आणि एक मोठी, शस्त्र बदललं की दुसरा संच. हे कंट्रोलरवर आरामात बसतं. त्यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. कन्सोलवाल्याला गेम एकदा विकत घ्यायची सवय असते, दर महिन्याला भाडं भरायची नाही. कन्सोल आवृत्ती जून २०१५ मध्ये आली, त्याच्या तीन महिने आधी त्यांनी सक्तीची वर्गणी काढून टाकली. ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’चंही असंच. जानेवारी २०११ मध्ये पीसी आणि पीएस ३ वर वर्गणी घेऊन सुरू झाला, त्याच नोव्हेंबरात फुकट झाला आणि मग वर्षानुवर्षं टिकला.

अर्थात सगळ्यांचं भलं झालं असं नाही. पहिल्या एक्सबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्ट आणि लेव्हल-५ मिळून ‘ट्रू फँटसी लाइव्ह ऑनलाइन’ बनवत होते, तो २००४ मध्ये रद्द झाला. आणि अगदी अलीकडचं म्हणजे ॲमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मोठ्या थाटात कन्सोलवर आला, आणि वर्षभरात कंपनीने जाहीर केलं की आता नवं काही येणार नाही. पैसा, ब्रँड, ताकदवान कन्सोल, सगळं असून.

मग यशस्वी कोण, हे मोजायचं कसं? वॉरक्राफ्टच्या सव्वा कोटीच्या जवळ जाणाऱ्या आकड्याशी तुलना केली तर सगळेच नापास. ‘इलेव्हन’चे ऐन बहरातही पाच लाखांच्या आसपास वर्गणीदार होते. पण २०१२ मध्ये स्क्वेअर एनिक्सचे तेव्हाचे अध्यक्ष योइची वाडा यांनी सांगितलं होतं, की अख्ख्या फायनल फँटसी मालिकेत सगळ्यात जास्त नफा देणारा गेम हाच. दहा वर्षं दर महिन्याला येणारे पैसे. आणि ‘फोर्टीन’वर तर डिसेंबर २०२१ मध्ये अशी वेळ आली की गर्दी आवरेना म्हणून कंपनीने गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली. दुकानात माल आहे, पण हाउसफुल म्हणून विकत नाही! कन्सोलवाल्यांना बरोबर घेऊन चालणारा एमएमओ आहे हा.

डब्याचं वय

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. किती दिवस?

पीसी म्हातारा झाला तर तुम्ही रॅम वाढवता, ग्राफिक्स कार्ड बदलता, नाहीतर नवा घेऊन त्यात जुना गेम टाकता. कन्सोल हा बंद डबा. साधारण सहा-सात वर्षांनी त्याचा पुढचा भाऊ येतो, आणि जुना हळूहळू माळ्यावर जातो. साध्या गेमचं यात काही बिघडत नाही. डिस्क आहे, डबा आहे, मनात आलं की काढा आणि खेळा. पण एमएमओ दहा-वीस वर्षं जगतो. डब्यापेक्षा दुनियेचं आयुष्य जास्त. इथे खरी गोची आहे.

सेगाचंच बघा. ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ अमेरिकेत पोचला जानेवारी २००१ मध्ये, आणि त्याच महिन्यात सेगाने ड्रीमकास्ट बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. वरात दारात आणि मांडव काढायला सुरुवात.

‘इलेव्हन’ची गोष्ट तर आणखी बारकाईने बघण्यासारखी आहे. हा गेम खेळायला नुसता प्लेस्टेशन २ पुरायचा नाही. त्याला नेटवर्क अडॅप्टर आणि ४० जीबीची हार्ड डिस्क वेगळी लागायची. का? कारण एमएमओ सतत बदलतो. नवा प्रदेश येतो, चुका दुरुस्त होतात. डिस्कवर छापलेलं बदलता येत नाही, त्यामुळे बदल साठवायला जागा हवी. ही हार्ड डिस्क कन्सोलच्या मागच्या कप्प्यात बसायची. अमेरिकेत हा गेम हार्ड डिस्कसकट मार्च २००४ मध्ये आला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी सोनीने नवा, बारीक, दिसायला देखणा प्लेस्टेशन २ काढला. देखणा व्हायच्या नादात त्यात तो मागचा कप्पाच उरला नाही. म्हणजे तुमचा जाडा प्लेस्टेशन बिघडला आणि दुकानातून नवाकोरा आणलात, तर नाव तेच, कंपनी तीच, पण तुमची दुनिया त्यात शिरणार नाही.

तरीही जाड्या डब्यावर लोक खेळत राहिले. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० ची आवृत्ती आली, तीही चालली. शेवटी ३१ मार्च २०१६ ला प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स ३६० अशा दोन्हींची सेवा थांबली. जपानमधले काही जण चौदा वर्षं खेळत होते. प्लेस्टेशन ४ येऊनही तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती, यावरून काय ते समजा. आणि गेम बंद झाला नव्हता, हे नीट बघा. दुनिया चालूच होती, पीसीवर ती पुढेही चालू राहिली. तुमचं कॅरेक्टरही तिथेच उभं होतं, कारण सर्व्हर पहिल्यापासून एकच. फक्त तुमच्या घरातला दरवाजा बंद झाला होता. पीसी असेल त्याने त्या दरवाज्याने आत यावं.

म्हणून मला वाटतं, कन्सोलवरच्या एमएमओचं भवितव्य ठरवते ती एकच गोष्ट. तुमचं कॅरेक्टर डब्यात राहतं की डब्याबाहेर? ‘इलेव्हन’ने बाहेर ठेवलं, म्हणून त्याचे लोक बेघर झाले नाहीत, दरवाजा बदलावा लागला इतकंच. ‘फोर्टीन’नेही तेच केलं. प्लेस्टेशन ३ मध्ये एकूण ५१२ एमबी मेमरी, तीही दोन भागांत वाटलेली. तुमच्या खिशातल्या साध्या फोनला याच्या आठपट असते. एवढ्याशा जागेसाठी अख्ख्या दुनियेला अंग चोरून बसावं लागत होतं. जून २०१७ मध्ये ‘स्टॉर्मब्लड’ आलं तेव्हा पीएस ३ ला निरोप दिला. गेमची पीएस ४ आवृत्ती जुन्यांना फुकट घेता येईल अशी सोय केली, कॅरेक्टर होतं तिथेच राहिलं. पीएस ४ मात्र ज्याचा त्याने आणायचा. ‘डेस्टिनी’चं असंच. २०१६ मध्ये ‘राइज ऑफ आयर्न’ जुन्या कन्सोलना मिळालंच नाही, कॅरेक्टर उचलून नव्या डब्यात नेता आलं, पण त्याच कंपनीच्या. प्लेस्टेशनवाल्याने प्लेस्टेशनकडेच जायचं.

‘एल्डर स्क्रोल्स’मध्ये सुरुवातीपासून पीसीची दुनिया वेगळी, प्लेस्टेशनची वेगळी, एक्सबॉक्सची वेगळी. तीन सारख्या चाळी, पण मध्ये भिंती. तुमचा वर्गमित्र एक्सबॉक्सवर असेल आणि तुम्ही प्लेस्टेशनवर, तर दोघांनी एकच गेम घेऊनही भेट नाही.

या भिंती गेम बनवणाऱ्यांनीच घातल्या असंही नाही. कन्सोलवर मालक दोन असतात, गेमचा एक आणि डब्याचा एक. पीसीवर रात्री बारा वाजता मोठी चूक सापडली तर कंपनी एकला दुरुस्ती पाठवू शकते. कन्सोलवर ती दुरुस्ती आधी डबा बनवणाऱ्याकडे तपासायला जाते. एक्सबॉक्स ३६० च्या काळात तर त्याचे पैसेही पडायचे. गेम डिझायनर टिम शेफर यांनी २०१२ मध्ये एका पॅचसाठी ४० हजार डॉलर लागतात असं सांगितलं होतं. वर्षाला एखादी दुरुस्ती करणाऱ्याला हे कसंबसं परवडेल. दर काही आठवड्यांनी बदलणाऱ्या दुनियेने काय करायचं? पुढे मायक्रोसॉफ्टने ते शुल्क बंद केलं. दुसऱ्या कन्सोलवाल्यांबरोबर खेळू द्यायलाही सोनी २०१८ पर्यंत तयार नव्हती, ‘फोर्टनाइट’साठी लोकांनी आरडाओरडा केल्यावर दार किलकिलं झालं. आणि ‘फायनल फँटसी फोर्टीन’ एक्सबॉक्सवर यायला मार्च २०२४ उजाडलं, प्लेस्टेशनवर आल्यानंतर साडेदहा वर्षांनी. जुलै २०२३ मध्ये लास व्हेगासच्या फॅन फेस्टमध्ये एक्सबॉक्सचे प्रमुख फिल स्पेन्सर योशिदाच्या शेजारी स्टेजवर उभे राहिले तेव्हा टाळ्या थांबेनात, त्या एवढ्यासाठी.

तुम्ही सुरू करणार असाल तर

आपल्याकडे ही चर्चा थोडी लांबची वाटते, मान्य. पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना. कित्येकांच्या तीन वर्षांच्या कॉलेज फीपेक्षा जास्त. ‘फोर्टीन’चे सर्व्हर जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडच्या भागात आहेत, भारतात नाहीत. मुंबई-पुण्यातून खेळाल तर बटण दाबणं आणि वार लागणं यात थोडा वेळ जाणार. पुन्हा ते अडीच सेकंद इथे कामी येतात, हळू गेमला लांबचा सर्व्हर जरा कमी टोचतो.

पण घरात कन्सोल असेल, किंवा पहिल्या पगारातून घ्यायचा बेत असेल आणि अशा दुनियेत शिरायचं मनात असेल, तर ट्रेलर बघण्याआधी तीन गोष्टी तपासा. अकाउंट गेमच्या कंपनीचं आहे की फक्त प्लेस्टेशन-एक्सबॉक्सचं? तेच कॅरेक्टर उद्या पीसीवर उघडेल का? आणि तुमचे दोस्त ज्या डब्यावर आहेत, ते तुम्हाला आत दिसतील का?

तिन्हीची उत्तरं ‘हो’ असली तरी बारीक अक्षरं वाचा. ‘फोर्टीन’चंच उदाहरण घ्या. कॅरेक्टर सगळीकडे एकच, पण गेम प्रत्येक यंत्रासाठी वेगळा विकत घ्यावा लागतो. त्याची फुकट ट्रायल आहे, ७० व्या लेव्हलपर्यंत, दिवसांची मर्यादा नाही. म्हणजे अख्खं सेमिस्टर त्यात बुडवायची पूर्ण सोय. फक्त ट्रायलवाल्याला स्वतःची पार्टी तयार करता येत नाही, आणि चाळीत मोठ्याने हाक मारता येत नाही. कोणीतरी बोलवेपर्यंत गॅलरीत उभं राहायचं.